एक ना धड भाराभर चिंध्या, आणि तरी इतका आनंद का होतो?

माझ्या कपाटात सध्या काय काय आहे ते सांगते. क्रोशाचा अर्धवट टेबलक्लॉथ, मॅक्रमेची (म्हणजे गाठी मारून करायच्या विणकामाची) दोरी, लाकडी ठसे, कापडाचे रंग, जेमतेम चार ओळी धावदोरा झालेली एक गोधडी, आणि गॅलरीत ओल्या टॉवेलखाली झाकून ठेवलेली मातीची दोन भांडी. आत्या आली की कपाट उघडते आणि म्हणते, "एक ना धड भाराभर चिंध्या. एक तरी पूर्ण कर की गं."

तिचं वाक्य डोक्यात राहिलं. मग मी वाचायला लागले, की हाताने काहीतरी नवीन करायला घेतलं की इतकं भारी का वाटतं? आणि उत्तराचा मोठा तुकडा मला चक्क विडीत सापडला.

आमच्या शेजारच्या अक्कांनी तीसेक वर्षं विड्या वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरी चालायचं, अजून चालतं, दिवसाला हजारच्या आसपास विड्या. एकदा मी म्हटलं, अक्का मला फक्त दाखवा हो हात कसा चालतो ते. त्यांनी पान कापलं, तंबाखू ठेवली, बोटं फिरली, दोरा गुंडाळला, झालं, मला काही दिसलंच नाही. हळू करा म्हटल्यावर मात्र त्या अडखळल्या आणि पान उलगडलं. याला कारण आहे. खूप सराव झालेली हालचाल हळूहळू विचारपूर्वक लक्ष देणाऱ्या मेंदूकडून काढून घेतली जाते आणि अनुमस्तिष्क, बेसल गँग्लिया अशा आतल्या भागांच्या भरवशावर चालायला लागते, आणि तिथे मुद्दाम लक्ष घातलं की लय तुटते. (अक्कांनी हे पोटासाठी केलं, तंबाखूच्या धुळीत, मान-पाठ धरेपर्यंत. त्याला छंद म्हणणं बरोबर नाही, मी म्हणतही नाही.)

तर १९५९ साली क्रॉसमन नावाच्या संशोधकाने सिगार बनवणाऱ्या कामगारांचा वेग तपासला. त्याला दिसलं की वेग वर्षानुवर्षं, लाखो सिगार होईपर्यंत वाढतच राहतो, पण वाढीचा दर हळूहळू घटत जातो. ढोबळ हिशेब असा, की पहिल्या दहा नगांपासून शंभरपर्यंत जाताना वेळेत जेवढ्या टक्क्यांची बचत होते तेवढीच बचत शंभरपासून हजारपर्यंत, आणि पुन्हा तेवढीच हजारपासून दहा हजारपर्यंत. म्हणजे सुरुवातीला दहा-वीस तासांत जे मिळतं ते पुढे मिळवायला महिने लागतात. आता कपाटातल्या माझ्या पसाऱ्याकडे या नजरेने बघा. दर वेळी नवीन कला हातात घेतली की मी त्या चढाच्या सगळ्यात उभ्या भागावर असते, काल जमत नव्हतं ते आज जमतं.

त्यात शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग जोडा. माकडाला अनपेक्षितपणे रसाचा घोट मिळाला की मेंदूतल्या डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) सोडणाऱ्या पेशी जोरात पेटतात, पण तोच घोट अपेक्षेप्रमाणे ठरल्या वेळी मिळायला लागला की त्या शांत बसतात. म्हणजे त्या बक्षिसापेक्षा बक्षीस आणि अंदाज यांच्यातला फरक मोजतात. माझा तर्क असा की नवशिक्याचा अंदाज खाली असतो आणि हात दर दोन दिवसांनी तो अंदाज मोडतो, म्हणून क्रोशातला पहिला सरळ आलेला खांब (एक उभा टाका) बघून जो आनंद होतो तो पाचशेव्या खांबाला होत नाही.

मेंदूच्या रचनेतही काहीसं असंच दिसतं. २००४ साली जर्मन संशोधकांनी तरुणांना तीन चेंडू एकापाठोपाठ हवेत उडवत झेलायला शिकवलं आणि तीन महिन्यांनी मेंदूच्या काही भागांत करडा पदार्थ (ग्रे मॅटर) वाढलेला दिसला, सराव सोडल्यावर तो परत कमी झाला. याच विषयावर २००८ साली आणखी एक प्रयोग झाला, तो मला जास्त आवडतो. त्यात अवघ्या सात दिवसांत बदल दिसला, आणि नंतर आलेलंच पुन्हा पुन्हा घोटण्यापेक्षा नवीन शिकणं हेच महत्त्वाचं असा निष्कर्ष निघाला. अभ्यास लहान होता, आणि यावरून क्रोशे केल्याने म्हातारपणी विसरभोळेपणा येत नाही वगैरे काही सिद्ध होत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरत असलं तरी.

एका कलेतला हात दुसऱ्या कलेत आपोआप जात नाही हेही खरं, मानसशास्त्रज्ञ १९०१पासून हे सांगतायत. पण समज जाते, आणि हे मी स्वतः अनुभवलंय. आमची आजी बोटाला किंचित दूध लावून वाती वळायची. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा, मग त्याची वात किंवा मैलभर लांब सूत तुटत का नाही? पीळ दिला आणि ओढलं की तंतू एकमेकांवर आवळले जातात, घर्षण वाढतं, म्हणजे जितकं ओढाल तितकं घट्ट. आखूड तंतूंचा दोर कसा टिकतो हा प्रश्न गॅलिलिओनेसुद्धा १६३८च्या पुस्तकात घेतलाय. क्रोशे करताना लोकर करंगळीला वेढा देऊन धरतात त्यातही घर्षणच आहे, फक्त इथे ते बेरजेने नाही तर गुणाकाराने वाढतं, साधारण घर्षण धरलं तर एका वेढ्याला पकड सहा-सात पट, दोनला चाळीसेक पट, तीनला अडीचशेच्या वर. म्हणून तर खुंटाला दोरीचे दोन-तीन वेढे मारले की उधळलेली म्हैस एकटा माणूस धरून ठेवतो. मॅक्रमेची गाठ का सुटत नाही ते मला असं कळलं, मॅक्रमेच्या क्लासमध्ये नाही!

मातीचंही सांगते. मी हौसेने सोलापूरच्या बाळे भागाजवळच्या शेतातली काळी माती आणून पणत्या केल्या, सगळ्या तडकल्या. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर, त्यांचे थर पातळ पत्र्यांसारखे आणि पाणी थेट त्या पत्र्यांच्या मध्ये शिरतं, त्यामुळे भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तसंच. वर सोलापूरचं ऊन, बाहेरची बाजू आधी वाळून आवळते, आतली ओलीच राहते, मग चीर जाणारच. आता मी वाळू मिसळते आणि ओल्या टॉवेलखाली सावकाश वाळवते, चार दिवस लागले तरी चालतं.

"एवढं करतेस तर विक की" असंही लोक प्रेमाने म्हणतात. मी घाबरते, कारण १९७३च्या एका प्रयोगात चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळेत तीच मुलं बाकीच्यांपेक्षा निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना घर चालवायचंय त्यांनी जरूर विकावं, कलेला दाम मिळालाच पाहिजे, पण माझी पहिली वेडीवाकडी ओळ मला माझ्यासाठी हवीय.

मागच्या आठवड्यात अक्का गच्चीवर आल्या होत्या, ऊन उतरल्यावर. माझ्या हातातली क्रोशाची सुई बघून म्हणाल्या, "मला दे, बघू." आयुष्यात पहिल्यांदाच धरली. ओकटी, रेंडू, मूडू असं तेलुगूत मोजत वीस खांब घातले, ओळ वाकडी झाली, त्यांनी स्वतःच उसवली आणि परत घातली. मी मोबाईलवर वेळ लावला होता. पहिल्या ओळीला बावीस मिनिटं, दुसरीला चौदा, तिसरीला बारा. चौथी ओळ घालेपर्यंत अंधार पडला, तर म्हणाल्या, लाइट लाव.