गणपतीतला डोळा, तुळशीच्या लग्नातले पाय

डॉक्टरांनी टेबलावरची डोळ्यांच्या ड्रॉप्सची बाटली उचलली. तिचं झाकण लाल होतं. ते वहिनीच्या समोर धरून म्हणाले, "अक्का, उजवा डोळा हातानं झाका. रंग कसला दिसतोय?"

"लाल."

"आता डावा झाका."

वहिनी थांबली. पुन्हा एकदा डोळे आलटूनपालटून झाकून तिनं बघितलं. "आत्ता लालभडक दिसतंय. मघाशी त्या डोळ्यानं कुंकू विटल्यागत दिसत होतं."

भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरं तिनं पाच मिनिटांपूर्वी एकेका डोळ्यानं नीट वाचली होती. तो डावा डोळा बरा होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्याला कधी काही झालं होतं हे घरातले आम्ही सगळे विसरून गेलो होतो. आम्ही आलो होतो ते वेगळ्याच तक्रारीसाठी. जेवायला बसलं की तिला एका ताटाची दोन ताटं दिसत होती.

वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. माहेर निपाणीजवळचं, सासर खानापूर तालुक्यातलं. मी बेळगावात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. चेतापेशीची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याचा हिशेब नाही. तरी त्या दिवसापर्यंत आमच्या घरात मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस, हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

त्या आकृतीपासूनच सुरुवात करतो. मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या चेता म्हणजे नसा, यांतल्या लांब तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. ते सलग नसतं, ठरावीक अंतरावर तुटक असतं, आणि संदेश त्या तुटक जागांवरून उड्या मारत जातो. बेळगावहून कोल्हापूरला निघालेली जलद गाडी संकेश्वर, निपाणी, कागल एवढेच थांबे घेते, तसं. मायलिन गेलं की त्याच गाडीला प्रत्येक फाट्यावर थांबावं लागतं. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावू शकतो, मायलिनच नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला मीटरभरच सरकतो. नुकसान जास्त असेल तर गाडी वाटेतच बंद पडते.

या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मायलिनवर उलटते. जागोजागी सूज येते, सूज उतरली की चट्टा राहतो. 'स्क्लेरोसिस' म्हणजे तो कडक झालेला चट्टा आणि 'मल्टिपल' म्हणजे अनेक. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. प्रतिकारशक्ती का उलटते याचा एक मोठा धागा २०२२ मध्ये हाती आला. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की, एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. पण हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी गाठतो, आणि आजार फार थोड्यांना होतो. जनुकं, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, किशोरवयातला लठ्ठपणा आणि धूम्रपान यांचाही त्यात वाटा आहे. निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूवर उभा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो: विडी-सिगारेट ओढल्यानं हा आजार होण्याचा धोका वाढतोच, शिवाय झालेला आजारही पुढं लवकर सरकतो.

आता वहिनीची गोष्ट. पहिल्या वर्षी गणपतीत तिचा डावा डोळा दुखायला लागला. डोळा फिरवला की जास्त दुखायचा. मग धुकं दाटल्यासारखं दिसायला लागलं. बेळगावात एके ठिकाणी दाखवलं, ड्रॉप्स मिळाले, पाचेक आठवड्यांत डोळा साफ झाला. औषधानं गुण आला असंच आम्ही समजलो. पुढं दिवस राहिले. गरोदरपण उत्तम गेलं. पुढच्या वर्षी श्रावणात माहेरी बाळंत झाली आणि बाळ तीन महिन्यांचं असताना, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, तिचे पाय जड पडले. "पाय माझं हायत का न्हाईत कळंना," असं तिनं फोनवर सांगितल्याचं मला आठवतं. छातीखाली कुणीतरी पट्टा आवळलाय असंही म्हणायची. निपाणीची माणसं कोल्हापूरला जातात, तशी तीही गेली. तिथं कमरेचा एमआरआय झाला. "मणक्यात गॅप आहे, शीर दबलीय," असं सांगून पट्टा, गोळ्या आणि विश्रांती दिली. दोन महिन्यांत ती चालायला लागली. बाळंतपणाचा अशक्तपणा होता, गेला, असं सगळ्यांचं मत पडलं.

दोन्ही वेळा ती आपोआप बरी झाली, आणि फसगत झाली ती तिथंच. सुमारे ८५ टक्के रुग्णांत एमएसची सुरुवात अशीच होते: अटॅक येतो, काही आठवडे राहतो, ओसरतो. सूज उतरते, तंतू नवी जुळवाजुळव करतात, थोडं मायलिन पुन्हा चढतं. जो डॉक्टर त्या वेळी समोर असेल त्याला यश मिळतं आणि रुग्ण विषय संपवतो. हा आजार बहुतेकदा २० ते ४० या वयात गाठतो आणि बायकांत पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त दिसतो. आपल्या घरांत या वयातल्या बाईला थकवा आला, पाय जड झाले, तर कारणं आधीच तयार असतात: बाळंतपण, रक्त कमी, कामाचा ताण. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन-चार महिन्यांत वाढतात, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. ते सुईणीपासून सासूपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरच्या त्या एमआरआयबद्दलही सांगायला हवं, कारण ही चूक फार ठिकाणी होते. पाय जड पडले की कमरेचा फोटो काढायचा, हे सरळ वाटतं. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पायांकडं जाणारे तंतू त्याच्या वरच्या भागात, छातीच्या किंवा मानेच्या पातळीवर बिघडलेले असले, तर कमरेच्या एमआरआयमध्ये ते दिसणारच नाहीत. तिशीच्या माणसाच्या कमरेत एखादी चकती थोडी सरकलेली सापडतेच आणि खापर तिच्यावर फुटतं. छातीला पट्टा आवळल्यासारखं वाटणं ही खूण खरं तर वरच्या भागाकडं बोट दाखवत होती.

बेळगावच्या न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला सगळ्यात आधी जुने कागद आणायला सांगितलं. एमएसचं निदान दोन प्रश्नांवर उभं असतं. मज्जासंस्थेत एकाहून अधिक जागी इजा आहे का? आणि ती वेगवेगळ्या वेळी झाली आहे का? जागा आणि काळ. २००१ पासून डॉक्टर यासाठी मॅकडोनाल्ड निकष वापरतात. २०१७ मध्ये आणि अलीकडं २०२४ मध्ये ते सुधारले गेले. डोळ्याच्या चेतेला एक स्वतंत्र जागा म्हणून मान मिळाला तो या शेवटच्या सुधारणेत. आजार असा विखुरलेला, आणि आमचे कागदही तसेच विखुरलेले होते. डोळ्याची चिठ्ठी बेळगावात, पायांची फाइल कोल्हापुरात. अथणीची माणसं मिरजेला जातात, कारवारची गोव्याला. सीमाभागात राहणाऱ्याचे अटॅक असे दोन राज्यांत वाटले जातात आणि ते एका टेबलावर कधी येतच नाहीत. भाऊ दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाऊन सीडी घेऊन आला.

भाषेचाही प्रश्न येतो. मराठीत आपण 'मुंग्या येतात', 'बधिर झालंय', 'जड पडलंय' असं म्हणतो. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. मुंग्या आणि बधिरपणा संवेदनेचा, जडपणा बहुधा ताकदीचा. कानडीतला 'जोमु' पहिल्या दोन्हींना चालतो. मधे दुभाषा म्हणून नातेवाईक बसला की तिन्हींचं 'पाय दुखतात' होऊन जातं. आमच्या डॉक्टरांनी माझं भाषांतर थांबवलं आणि वहिनीलाच तिच्या शब्दांत बोलायला लावलं. मान खाली वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का, असं विचारलं. ती दचकून म्हणाली, "होय की! तुम्हाला कसं कळलं?" या खुणेला लर्मिट या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला सूज असली की ती सापडते.

मग मेंदू, मान आणि छाती असा एमआरआय झाला. शिरेतून गॅडोलिनियम दिलं होतं. ताजी सूज असलेला डाग त्यानं उजळतो, जुना उजळत नाही. म्हणजे एकाच फोटोत काळही वाचता येतो. वहिनीच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला लांबट डाग होते, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात एक होता, तो उजळत होता. दोन ताटांचं उत्तर तिथं होतं. पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर घरात रडारड झाली, कारण त्यानं माणूस लुळा पडतो असा समज आपल्याकडं पक्का आहे. पण सुई जिथं घालतात तिथं मज्जारज्जू नसतोच. कमरेच्या एमआरआयनं आम्हाला चकवलं ते ज्या कारणानं, त्याच कारणानं ही तपासणी सुरक्षित आहे. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे मज्जासंस्थेतच तयार झालेल्या प्रतिपिंडांचे पट्टे, सापडले, रक्तात ते नव्हते. एरवी डोळ्याच्या जुन्या अटॅकचा पुरावा हवा असेल, तर पडद्यावर काळे-पांढरे चौकोन दाखवून संदेश मेंदूत पोहोचायला किती वेळ लागतो तेही मोजतात. निरोगी डोळ्यात तो सुमारे १०० मिलिसेकंद लागतो.

एमआरआयच्या रिपोर्टवर पांढरे डाग लिहून आले म्हणजे एमएस, असं मात्र नाही. अर्धशिशी, रक्तदाब, वाढतं वय यांतही डाग दिसतात. आपल्या भागातल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पायांना अगदी असाच बधिरपणा आणते आणि ती साध्या इंजेक्शनांनी सुधारते. क्षयरोग तपासावाच लागतो. आणि एका जुळ्या दिसणाऱ्या आजाराला वेगळं काढणं तर फारच गरजेचं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हाही डोळा आणि कणा धरतो, पण त्यात बहुतेकांच्या रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं असतात. एमएसची इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉडसारखी औषधं त्या रुग्णाला दिली तर तो आणखी बिघडू शकतो. मंगळुरूच्या डॉक्टरांनी या गटातल्या आजारांची वर्षानुवर्षं नोंदवही ठेवली आहे. त्या शहरातल्या पाहणीत एमएसचं प्रमाण लाखामागे आठच्या आसपास निघालं. 'हा गोऱ्या लोकांचा आजार' हे जुनं वाक्य आता कुणी बोलू नये.

उपचार दोन पातळ्यांवर चालतात. अटॅक चालू असताना मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस सलाईनमधून. यानं अटॅक लवकर ओसरतो, पण पुढचा थांबत नाही. पुढचा थांबवायला वेगळी औषधं लागतात. पहिलं इंटरफेरॉन १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आज इंजेक्शनं, गोळ्या आणि प्रतिपिंड औषधं मिळून बरेच पर्याय आहेत, आणि प्रभावी औषध लवकर सुरू करण्याकडं डॉक्टरांचा कल वाढतो आहे. झालेला चट्टा कोणतंच औषध पुसत नाही, म्हणून ही घाई रास्त आहे.

वहिनीला रिटुक्सिमॅब सुरू झालं, साधारण सहा महिन्यांनी एकदा. मुळात ते रक्ताच्या कर्करोगातलं औषध. एमएससाठी त्याची अधिकृत मंजुरी नाही, पण भारतातच बनणाऱ्या त्याच्या आवृत्त्या इतर प्रतिपिंड औषधांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. स्वीडनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिथल्या २०२२ च्या चाचणीत डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्यांपेक्षा रिटुक्सिमॅबवर अटॅक कमी आले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतलं. सुरू करण्याआधी कावीळ-बी आणि टीबीची तपासणी झाली, काही लसी आधी टोचून घेतल्या, कारण औषध प्रतिकारशक्तीच्या बी पेशीच कमी करतं. मूल हवं असेल तर ते आधी सांगायला हवं. टेरिफ्लुनोमाइडसारखी काही औषधं गरोदरपणात चालतच नाहीत.

बाकीचं रोजचं. स्नायू आखडण्यावर बॅक्लोफेन, लघवीच्या तक्रारीवर वेगळी गोळी, फिजिओथेरपी. आणि थकवा, जो बघणाऱ्याला दिसत नाही. शेजारीण म्हणते, "चांगली तर आहेस." केंद्राच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळं सीमेच्या अलीकडं-पलीकडं सारखाच. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना मात्र थकवा आणि धूसर नजर कागदावर नीट येईल असा डॉक्टर भेटावा लागतो.

डॉक्टरांनी तिला एक वही घालायला सांगितली. तिला तारखा आठवत नाहीत, सण आठवतात, तर सणच लिही म्हणाले. नवी तक्रार २४ तासांहून जास्त टिकली आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसला, तर ती अटॅक असू शकते, लगेच यायचं. गेल्या भेटीत त्यांनी मला वहीतली शेवटची ओळ वाचून दाखवायला लावली: 'नागपंचमी. बंबातलं पाणी कढत होतं. न्हाल्यावर डावा डोळा अर्धा तास धुरकट, मग साफ.' मायलिन विरलेल्या तंतूला अंगातली थोडी उष्णताही सोसत नाही. श्रमानंतर नजर अशीच तात्पुरती धुरकट होते हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये टिपलं होतं, आणि एमआरआय येण्यापूर्वी गरम पाण्यात बसवून हीच परीक्षा घेत असत. डॉक्टरांनी शेजारी पेन्सिलीनं 'उथॉफ' लिहिलं, "पाणी कोमट घ्या अक्का," म्हणाले आणि पान उलटलं.