दवंडी, तार आणि चिमूरची दाबलेली बातमी

गावात बातमी वरून खाली यायची. कोतवाल डफडं वाजवत पारापाशी थांबे, ‘ऐका हो ऐका’ करून शेतसाऱ्याची तारीख नाहीतर साहेबाचा दौरा सांगे आणि पुढच्या आळीला निघे. उलट विचारायची सोय दवंडीत नव्हती. गावाची स्वतःची खबर मिळे ती आठवडी बाजारात: पाऊस कुठवर आला, कोणाची सोयरीक मोडली, कुठल्या शिवारात कीड पडली.

मग तार आली. पण ती आली कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, तर १८७० च्या मार्चमध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता व्यापाऱ्याला चटकन कळू लागला. बंडीत कापूस भरून आलेल्याला मात्र तो अडत्या सांगेल तेवढाच.

छापील पत्रं नागपूर, अकोला, यवतमाळहून निघत. गावात एखादा अंक येई, गुरुजी तो मोठ्यानं वाचत. निरक्षर माणूस पेपर ‘ऐकायचा’. त्यापेक्षा दूरवर पोचायची ती तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि गाडगेबाबांचं कीर्तन. इंग्रज सरकारनं ऑगस्ट १९४२ मध्ये तुकडोजींना तुरुंगात टाकलं ते उगीच नाही.

त्याच महिन्यात, १६ तारखेला, नागपंचमीच्या दिवशी ‘चले जाव’च्या आंदोलनात चंद्रपूरकडचं चिमूर पेटलं. गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले. मागाहून आलेल्या लष्करानं गावावर, विशेषतः बायांवर, जे अत्याचार केले त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. ते ६३ दिवस चाललं. सरकारनं त्याची बातमी छापायलाच बंदी घातली. तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी अंक बंद ठेवून निषेध केला. विदर्भातल्या एका खेड्यासाठी देशातले पेपर एक दिवस गप्प बसले, हे आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक असतं. योगायोग असा की बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं तेही ६ जानेवारीलाच, १८३२ साली. या तारखेला पत्रकार दिन होतो, तालुक्या-तालुक्यात बाळशास्त्रींच्या फोटोला हार पडतो. चिमूरचं नाव त्या भाषणांत निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. पुढं ग्रामपंचायतींत रेडिओ आले, भोंगा लागला आणि कापसाचा भाव, हवामान संध्याकाळी पारावर सगळ्यांच्या कानी एकदमच पडू लागलं. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तोवर खेड्यात मोबाइल रुळला होता. कोतवाल आजही आहे. आता ग्रामसभेची सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते, आणि खाली लगेच कोणीतरी विचारतं, ‘मागच्या सभेतल्या नळाचं काय झालं?’