डिव्हाइस ड्रायव्हरमधली मेमरी आणि आवराआवर

सी भाषेत लिनक्सचा डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कोड, लिहिताना कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागितलेली मेमरी मिळाली नाही तर काय करायचं, आणि तोवर जे जे घेतलंय ते परत कसं करायचं, याला एरर हँडलिंग आणि क्लीनअप म्हणतात. साधा प्रोग्राम बंद पडला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची मेमरी काढून घेते, ड्रायव्हरच्या मागे आवरायला कोणी नसतं, अडकलेली मेमरी रीबूटपर्यंत अडकूनच.

मेमरी मागायच्या केमॅलॉक फंक्शनकडून नल, म्हणजे रिकामा पत्ता, आला का ते तपासायचं आणि आल्यास बोलावणाऱ्याला -12 म्हणजे इनोमेम (मेमरी नाही) हा एरर कोड पाठवायचा, एवढं सगळेच करतात. गडबड होते पुढच्या पायऱ्यांना. समजा प्रोब फंक्शनमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडताना कर्नल जे चालवतो त्यात, आधी ड्रायव्हरची माहिती ठेवायचं स्ट्रक्चर घेतलं, मग डेटासाठी बफर, मग सेन्सरचा आयडी वाचला आणि तो आलाच नाही, तर बफर आधी सोडायचा आणि स्ट्रक्चर नंतर, कारण बफरचा पत्ता स्ट्रक्चरमध्येच असतो. आमच्या गोव्यात चवथीला माटोळी बांधलेल्यांना हे सांगावं लागणार नाही, चौकट पहिली टांगतात, मग नारळ, सुपारी, फळं, आणि उतरवताना फळं आधी, चौकट शेवटी.

यासाठी गोटू, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या जागेवर (लेबलवर) थेट उडी मारायची आज्ञा, वापरतात. कॉलेजात गोटू वाईट म्हणून शिकवतात पण कर्नलची कोडिंग स्टाइल इथे तोच सुचवते, आणि मला ते पटतं. प्रत्येक पायरीला वेगळं लेबल, नाव तिथे काय सुटतं त्यावरून. सगळ्यांना मिळून एकच लेबल ठेवलं की स्ट्रक्चर नल असतानाच त्याच्या आतला बफर सोडायला जातो आणि कर्नल कोसळतो.

फोंड्याला मी पाऊस मोजायच्या सेन्सरचा ड्रायव्हर लिहीत होतो, त्यात आयडी फेल झाल्यावर स्ट्रक्चर सोडलं पण बफर सोडायची ओळ राहिली. वायर सैल होती, स्क्रिप्ट दर मिनिटाला ड्रायव्हर सेन्सरला परत जोडून (बाइंड करून) बघायची, बफर 64 केबीचा, म्हणजे दिवसाला 90 एमबी गेले, आणि बोर्डावर मेमरी होती 512 एमबी.

2007 मध्ये 2.6.21 कर्नलमध्ये डेव्हएम फंक्शन्स आली, त्यांनी घेतलेलं प्रोब फेल झाला किंवा डिव्हाइस सुटलं की उलट्या क्रमाने आपोआप सुटतं. फक्त त्यांच्या मेमरीवर मेमरी सोडायचं साधं केफ्री फंक्शन चालवू नका, तीच मेमरी दोनदा सुटते. 2023 च्या 6.5 पासून व्हेरिएबलचा स्कोप, म्हणजे तो जिथे वापरता येतो तो कोडचा भाग, संपला की आपोआप साफ होणारी सोयही आहे. आणि इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे उपकरणाने हाक मारली की लगेच चालणाऱ्या कोडमध्ये, झोपता (वाट बघत थांबता) येत नाही, तिथे मेमरी मागताना जीएफपी अ‍ॅटॉमिक हा न थांबण्याचा फ्लॅग द्यायचा.

छोट्या मागण्या क्वचितच फेल होतात, त्यामुळे एररचा रस्ता वर्षानुवर्षं न चालवता पडून राहतो. म्हणून कर्नलमधली फेलस्लॅब ही सोय लावून मागणी मुद्दाम फेल करून बघायची, आणि न सोडलेली मेमरी शोधणारं केमेमलीक चालू ठेवायचं. माझ्या बोर्डावर केमेमलीकच्या यादीत एकाखाली एक नोंदी होत्या, प्रत्येकीत साइज 65536 आणि खाली माझ्याच प्रोब फंक्शनचं नाव.