पडद्यावर ड्राय फ्लायच का जिंकते?

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे सरकला की कूलरसमोर बसून इंग्लंडमधल्या टेस्ट, इचेन नाहीतर स्लोव्हेनियातल्या सोचा नदीवरच्या फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे किड्यासारख्या बांधलेल्या नकली माशीने मासे धरण्याच्या, फिल्म्स बघणारी मंडळी खान्देशातही आहेत. फिल्म ग्रेलिंग माशाच्या नदीची असली तरी निम्मा वेळ ट्राउट हा दुसरा मासाच वर येऊन माशी उचलतो, ही त्यांची नेहमीची कुरकुर. याचे मूळ कॅमेऱ्याच्याही आधीचे आहे.

दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या थरांतून झिरपून येणारे पाणी बाराही महिने साधारण १० अंशांच्या आसपास असते आणि तळ दिसेल इतके नितळ. तिथे मासा दिसतो आणि तो काय खातो तेही दिसते. १८८६ मध्ये तरंगत्या माश्या बांधण्यावरचा ग्रंथ आला आणि बघता बघता छंदाचे शास्त्र झाले, शास्त्राचा धर्म. पृष्ठभागावर खाणाऱ्या माशालाच, आणि तेही प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, ड्राय फ्लाय म्हणजे तरंगती माशी टाकायची. पांझरेवरच्या फडात पाण्याची पाळी जितकी काटेकोर, तितकाच हा दंडक.

१९१० मध्ये पेशाने वकील असलेल्या एका शौकिनाने पुस्तक लिहून याला छेद दिला. ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखालीच खातो, मग खाली निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी बुडती माशी, देण्यात गैर काय, हा त्यांचा साधा सवाल. त्यावर विरोधकांचे म्हणणे असे की बुडत्या माशीने लहान मासे लागतात, मोठ्यांना नुसते टोचे बसतात आणि पाण्यातले मासे बिथरतात. वाद धुमसत राहिला. १९३८ मध्ये लंडनच्या एका क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवली गेली. वकीलसाहेब तेव्हा ऐंशीच्या घरात होते. मुद्दा त्यांचाच खरा होता. माशाच्या पोटातून काय निघते हे ते वर्षानुवर्षे तपासत आले होते. पण सभेचा एकूण कल तरंगत्या माशीकडे गेला, आणि इचेनवरचा मासेमारीचा आपला जुना पट्टाही वकीलसाहेबांनी त्याच वर्षी सोडला. आजसुद्धा टेस्टच्या काही पट्ट्यांवर जुलै लागेपर्यंत निम्फ चालत नाही.

या भांडणात ग्रेलिंग कुठेच नव्हता. त्याचे तोंड खालच्या बाजूला, खाणे बहुतांशी तळाशी. ट्राउटचा घास खातो म्हणून राखणदार त्याला पाण्यातून काढूनच टाकत. हा मासाही सॅमन-ट्राउटच्याच कुळातला, पाठीवर शिडासारखा पर, तरी वागणूक सावत्र.

कॅमेरा आला तेव्हा त्याला हाच निवाडा सोयीचा पडला. पाण्यावरची माशी दिसते, मासा उसळलेला दिसतो. तळाशी दोरीला बसलेला हलका झटका पडद्यावर कसा दाखवणार? १९९२ चा मोंटानातला गाजलेला हॉलिवूडपट याच देखणेपणावर उभा आहे. कथा ब्लॅकफूट नदीची, पण नदीवरचे बरेचसे चित्रीकरण गॅलाटिनसारख्या दुसऱ्या नद्यांवर झाले, कारण ब्लॅकफूटची अवस्था तेव्हा चांगली नव्हती. उन्हात हवेत लांबच लांब फिरणारी दोरी जगाने पाहिली ती तिथेच, आणि छायाचित्रणाचे ऑस्करही त्याला मिळाले. खान्देशात हे सगळे केबलवरून उशिराने पोचले, तेही लोडशेडिंगच्या वेळा सांभाळत.

पारडे फिरले ते २०१० नंतर. पाण्यात बुडवता येणारे छोटे कॅमेरे हाताशी आले आणि निम्फ तोंडात घेऊन क्षणात थुंकणारा ग्रेलिंग पहिल्यांदा नीट दिसला. मध्य युरोपातल्या स्पर्धकांनी १९८० च्या दशकात नावारूपाला आणलेली जड निम्फ आणि आखूड दोरीची पद्धत अशी पडद्यावर आली. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला आणि चाळीसगाव, शहाद्यातल्या मोबाइलवर स्लोव्हेनिया-बोस्नियाच्या नद्या उघडल्या.

बघणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ट्राउट हातात घेतलेला नाही, आणि गिरणा-तापीत तो तगणारही नाही. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याची तगमग सुरू होते. इथे गळाला लागायचा तो मरळ नाहीतर रोहू, आणि आमिष गांडुळाचे नाहीतर कणकेचे.

अलीकडच्या फिल्म्समध्ये मासा कमी आणि धरण, सांडपाणी, उपसा जास्त असतो. अल्बानियातल्या व्योसा नदीवरचे धरणांचे बेत मागे पडून २०२३ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली, तोवर तिच्यावर बरेच चित्रीकरण होऊन गेले होते. उकाई धरणाचे पाणी नवापूर तालुक्यातल्या गावांत शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना या फिल्म्सना सबटायटल लागत नाही.