गाडीचा एसी फिल्टर घरच्या घरी बदला, गॅस भरायच्या आधी हे वाचा

राम राम दादा, ताई. मार्च संपत आला की आमच्या दुकानाच्या काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो, "भाऊ, एसी कूलिंग देत नाही, गॅस भरावा लागेल का?" आम्ही आधी एवढंच विचारतो की ब्लोअर, म्हणजे एसीची हवा फेकणारा पंखा, चारवर ठेवला तर आवाज भरपूर येतो पण तोंडावर हवा लागत नाही, असं होतंय का? तसं असेल तर गॅसला हात लावू नका, पहिले एसी फिल्टर काढून बघा. हवा जोरात येते पण गरमच येते, तर मात्र एसीवाल्याकडे जा, तिथे फिल्टर बदलून काही होणार नाही.

हा फिल्टर म्हणजे इंजिनचा एअर फिल्टर नाही, बरेच जण इथेच गोंधळतात. इंजिनचा बोनेटखाली असतो, आणि हा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत आपण जी हवा घेतो ती गाळणारा, कागदासारख्या घड्या घातलेला चौकोनी तुकडा. त्याच्या पुढे एसीची कूलिंग कॉइल असते आणि ती चालू एसीत कायम ओली राहते. फिल्टर नसला किंवा फाटला तर सगळा फुफाटा त्या ओल्या कॉइलवर जाऊन चिकटतो, त्याचा चिखल होतो, मग कुबट वास सुरू, आणि कॉइल नीट साफ करायची तर पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो. फिल्टर मिळतो काही शेकड्यांत, आता तुम्हीच हिशोब करा.

कंपन्या साधारण 10,000 ते 15,000 किलोमीटर किंवा वर्षभराने बदला म्हणतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतोच. पण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे किलोमीटर मोजून भागत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवाळीपासून कापसाच्या गाड्या आणि जिनिंगचा तंतू, मग गव्हा-हरभऱ्याची मळणी, वावरातले कच्चे रस्ते, आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की काचा बंद करून एसी फुल्ल. कापसाचा तंतू तर घड्यांवर असा बसतो की वरून गोधडी टाकल्यासारखं दिसतं, त्यातून हवा जाणार कशी. म्हणून वर्षातून दोनदा उघडून बघाच, एकदा मळणी आटोपल्यावर आणि एकदा पाऊस उघडल्यावर. घरात दम्याचं माणूस किंवा लहान लेकरू असेल तर वाट बघू नका, लवकर बदला.

आता काम. स्विफ्ट, आय ट्वेन्टी अशा बहुतेक छोट्या गाड्यांत फिल्टर ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. गाडी बंद, चावी काढलेली, कप्पा रिकामा करा आणि खाली जुना पेपर अंथरा. कप्प्याच्या बाजूला एखादी दोरी किंवा छोटा दांडा अडकवलेला असतो तो सोडवा, मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबा म्हणजे तो पूर्ण खाली येतो. काही गाड्यांत स्क्रू असतात, ते बघून घ्या, जोर लावून ओढू नका, उन्हात तापून जुनं झालेलं प्लास्टिक कडकन तुटतं. मागे एक लांबट झाकण दिसेल, त्याचे लॉक दाबून काढा आणि फिल्टर अलगद बाहेर ओढा, सरळ धरूनच, नाहीतर वरचा पालापाचोळा खाली ब्लोअरमध्ये पडतो आणि मग चालू केला की खडखड.

काढायच्या आधी एक करा, मोबाईलवर फोटो घ्या. फिल्टरच्या कडेवर बाण असतो, तो हवेच्या दिशेचा. जुना बरोबर बसवलेला असेलच असं नाही, म्हणून झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये दिशा दिली असेल तर तीच धरा. आणि फिल्टर बाहेर असताना ब्लोअर अजिबात लावू नका.

आत उंदराची घाण निघाली तर थांबा. गोठ्याजवळ किंवा खळ्यात गाडी उभी राहत असेल तर हे हमखास होतं, मागे एका दादांनी आणलेल्या फिल्टरच्या घड्यांत दादर ज्वारीचे दाणे आणि भुईमुगाची टरफलं अगदी रांगेत भरलेली होती, एका कोपऱ्यात कागद कुरतडून घर केलेलं. अशा वेळी मास्क आणि हातमोजे घाला, कोरडं झाडू नका, जंतुनाशकाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि तो फिल्टर टाकूनच द्या.

नुसती धूळ असेल तर हलक्या हाताने आपटून थोडे दिवस चालतो. पण पाण्याने धुवू नका, आणि पंक्चरवाल्याकडची फुल्ल प्रेशरची हवाही मारू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि वरून फिल्टर चकाचक दिसतो.

काही जुन्या आणि बेसिक मॉडेलमध्ये कंपनीतून फिल्टर येतच नाही, जागा असते पण झाकण पक्कं असतं. ते स्वतः कापायला जाऊ नका, गाडी दुकानावर आणा, आपण सोबत बघू. कार्बनवाला काळपट फिल्टर थोडा महाग पडतो, तो वासही कमी करतो, रोज हायवेला ट्रकांच्या मागे धुरात चालवणाऱ्यांनी तो घ्यावा, गावातल्या गावात फिरणाऱ्याला साधा पुरतो.

घ्यायला येताना जुना फिल्टर पिशवीत घालून आणा आणि गाडीचं मॉडेल, वर्ष सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार माप बदलतं. जुना अजून चांगला असेल तर आम्ही तसं सांगू आणि परत पाठवू. नवीन बसवताना कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.