यजमानपत्नी

यज्ञ किंवा पूजा करणाऱ्या यजमानाची धर्मपत्नी. व्याकरणात 'पत्नी' हा शब्दच यज्ञातून आला आहे : 'पत्युर्नो यज्ञसंयोगे' (४.१.३३) या सूत्रात पाणिनी सांगतो की, पतीशी यज्ञाचा संबंध असेल तेव्हा 'पति'वरून 'पत्नी' हे रूप होते. नुसते लग्न झालेली ती भार्या किंवा जाया, यज्ञात सोबत बसणारी ती पत्नी. 'ज्याला पत्नी नाही त्याला यज्ञ नाही', असे तैत्तिरीय ब्राह्मण हा यज्ञविधींचे विवरण करणारा वैदिक ग्रंथ स्पष्ट म्हणतो.

ती हवी, पण कशासाठी, हे दर्शपूर्णमासासारख्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला करायच्या, साध्या इष्टीत (छोट्या यज्ञात) नीट दिसते. पत्नी गार्हपत्य, म्हणजे गृहस्थाच्या मुख्य यज्ञाग्नीच्या नैर्ऋत्येला बसते. तिच्या कमरेला, वस्त्रावरून, मुंजगवताची दोरी बांधतात. तिला योक्त्र म्हणतात. तैत्तिरीय ब्राह्मणाच्या मते हे बांधणे म्हणजे पत्नीचे व्रतोपनयन, एका अर्थी तिची मुंजच. शतपथ ब्राह्मणाचे म्हणणे वेगळे : नाभीखालचा भाग अपवित्र, तो दोरीने झाकला जातो. दोरी एकच, अर्थ दोन. पुढे आज्यावेक्षण येते. होमाच्या तुपाकडे पत्नीने पाहायचे असते. तिची नजर पडली की तूप अमेध्य, म्हणजे यज्ञाला अयोग्य, होते, म्हणून ते पुन्हा गार्हपत्यावर ठेवून शुद्ध करून घ्यायचे. मग पाहायला सांगायचेच कशाला? कारण तिच्या नजरेवाचून कर्म पुरे होत नाही. पत्नीचे यज्ञातले स्थान याहून नेमके सांगणारा विधी सापडणे कठीण.

मीमांसकांनी, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, हा प्रश्न अधिकाराच्या भाषेत सोडवला. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात पूर्वपक्ष, म्हणजे पुढे खोडून काढायचे मत, असा : यज्ञाचा अधिकार पुरुषालाच, कारण विधिवाक्यांतले शब्द पुल्लिंगी आहेत आणि स्त्रीकडे स्वतःचे धन नाही. सिद्धांत, म्हणजे अखेरचा निर्णय, याच्या उलट जातो. स्वर्गाची इच्छा स्त्रीलाही असते, धनावरही तिचा हक्क असतो, म्हणून अधिकार दोघांचा मिळून. पण लगेच पुढे मर्यादा येते : 'तस्या यावदुक्तम्', म्हणजे तिच्यासाठी जेवढे सांगितले असेल तेवढेच तिने करायचे. अधिकार दिला, आणि मंत्र बहुतेक पतीकडेच ठेवले. 'स्त्रीसंस्कारांना मंत्र नाहीत' म्हणणारी मनुस्मृती याच वाटेवर आणखी पुढे गेली. गृह्याग्नीच्या, म्हणजे घरातल्या नित्य अग्नीच्या, बाबतीत मात्र हात थोडा सैल होता : तो पतीने, पत्नीने, मुलाने, मुलीने किंवा शिष्याने सांभाळावा, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते.

घोषा, अपाला, विश्ववारा आत्रेयी यांच्या नावावर ऋग्वेदात सूक्ते आहेत आणि हारीत या धर्मसूत्रकाराने ब्रह्मवादिनी (वेदाध्ययन करणाऱ्या) व सद्योवधू (थेट विवाह करणाऱ्या) असे स्त्रियांचे दोन प्रकार सांगितले आहेत. या विषयावरचे कुठलेही भाषण तिथूनच सुरू होते. पण घोषा, अपाला या ऋषिका, म्हणजे सूक्ते रचणाऱ्या स्त्रिया, म्हणून आठवल्या जातात. यजमानपत्नीची जागा त्यांच्यामुळे बदलली नाही.

महाराष्ट्रातल्या घरगुती पूजेत या विधींचा अवशेष रोजच्या पाहण्यातला आहे. सत्यनारायणाला पत्नी पतीच्या उजवीकडे पाटावर बसते. पंचामृत, फुले, नैवेद्य ही तयारी पहाटेपासून तिनेच केलेली असते. संकल्पाची वेळ आली की गुरुजी म्हणतात, 'वहिनी, हाताला हात लावा.' उदक पतीच्या हातून सुटते. तिची बोटे त्याच्या हाताला टेकलेली असतात. कर्म करणाऱ्याला असा स्पर्श करून त्यात सहभागी होणे, यालाच अन्वारंभ म्हणतात.

पत्नी नसेल तर काय, यालाही वाट काढलेली आहे. रामायणाच्या उत्तरकांडात राम अश्वमेधाला सीतेची सोन्याची प्रतिमा घेऊन बसतो. आपल्याकडे सोन्याऐवजी सुपारी असते : पत्नी हयात नसलेला बाप कमरेला सुपारी लावून मुलाची मुंज लावू शकतो. पती गेलेल्या बाईला अशी सुपारी सहसा कोणी देत नाही. जुन्या वळणाच्या घरांत ती स्वतःच्या मुलाच्या मुंजीतही मागे उभी असते, आणि मातृभोजनाच्या, म्हणजे मुंजीआधी मुलाने आईसोबत जेवायच्या, पंगतीला काकू किंवा मामी बसते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याचा रोख कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांवर होता.

पतीवाचून यज्ञ करणाऱ्या स्त्रियांचे उदाहरणही याच प्रांतात आहे. राहाता तालुक्यातील साकोरी येथे उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभे केले. तिथल्या अविवाहित कन्या वेदमंत्र शिकतात आणि यज्ञ स्वतः करतात; महाराजांच्या निधनानंतर, १९४१ पासून, ती धुरा गोदावरी मातांनी वाहिली. पुण्यात पुढे स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचे वर्ग निघाले. ज्ञान प्रबोधिनीने तर पोथ्यांनाच हात घातला आणि मंत्रांचे अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची पद्धत रुळवली. आता वास्तुशांतीपासून लग्नापर्यंत स्त्री पुरोहित सर्रास बोलावल्या जातात. जुन्या पोथीप्रमाणे पूजा सांगायची असेल, तर संकल्पाच्या वेळी त्याही यजमानीणबाईंना हाताला हात लावायला सांगतात.