बाबाच कोच असतात तेव्हा: अमेरिकेतल्या ‘डॅडी बॉल’ची पार्श्वभूमी

वसंत ऋतू आला की अमेरिकेतल्या गावोगावच्या मैदानांवर मुलांच्या बेसबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि त्याबरोबर एक जुनी कुरबुरही. कोचचा मुलगा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. कोचच्या मित्राचा मुलगा शॉर्टस्टॉप, म्हणजे सतत चेंडू येणाऱ्या मोक्याच्या जागी. बाकीच्यांतला कुणीतरी राइट फील्डमध्ये, मैदानाच्या उजव्या टोकाला उभा, फलंदाजीला सगळ्यांत शेवटी. तिथले लोक याला ‘डॅडी बॉल’ म्हणतात. तक्रार करणारे पालक बहुतेक वेळा एका माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतात. स्वभावाचा भाग असतोच. पण एकाच प्रकारची तक्रार पिढ्यानपिढ्या आणि इतक्या गावांत होत असेल, तर तिचं मूळ स्वभावाच्या पलीकडे शोधायला हवं. मुलांच्या खेळाची घडीच तिथे अशी बसली आहे, की ज्याचं पोर संघात तोच संघ चालवणार.

ही घडी सुरुवातीपासूनची नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत मुलांचे खेळ शिक्षकांच्या आणि तरुणांसाठी काम करणाऱ्या वायएमसीएसारख्या ख्रिस्ती संस्थांच्या हाती होते. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली सरकारी शाळांची क्रीडा लीग उभी राहिली, तीही शिक्षणखात्यातल्या माणसांच्या पुढाकाराने. पण १९३० च्या दशकापर्यंत शारीरिक शिक्षणाच्या तज्ज्ञांचं मत पालटलं. कोवळ्या वयात चषक, अजिंक्यपदं आणि प्रेक्षकांचा दबाव नको, असं ते म्हणू लागले आणि प्राथमिक शाळांनी चुरशीच्या स्पर्धांतून अंग काढून घेतलं. हेतू चांगला होता. मुलांची आणि त्यांच्या वडिलांची सामन्यांची हौस मात्र कमी झाली नाही. शिक्षक बाजूला झाले आणि त्या रिकाम्या जागी हौशी मोठी माणसं आली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं निर्णायक वळण हेच. ज्याला शिकवण्याचं प्रशिक्षण होतं आणि ज्याचं स्वतःचं मूल संघात नव्हतं, असा माणूस मैदानावरून गेला.

१९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ या गृहस्थाने लिटल लीग सुरू केली. आपल्या भाच्यांना खऱ्या संघात, खऱ्या गणवेशात खेळता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. मुलांच्या पायांना झेपेल असं मैदान त्याने आखलं. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं, म्हणजे धावताना गाठायच्या दोन टप्प्यांमधलं अंतर ९० फूट असतं, ते त्याने ६० फुटांवर आणलं. पैशासाठी दुकानं, कारखाने पालथे घातले, पुष्कळ नकार पचवले. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबरने लायकोमिंग डेअरीला २३–८ असं हरवलं. तीन संघ होते. एकाची सूत्रं स्टॉट्झकडे, बाकी दोन जॉर्ज आणि बर्ट बेबल या भावांकडे. मानधन कुणालाच नव्हतं. घरची मुलं, शेजारची मुलं, आणि फावल्या वेळात त्यांना खेळवणारी मोठी माणसं, असा तो संसार होता. यात वाईट काहीच नव्हतं, आणि हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण आज ‘डॅडी बॉल’वर बोलणारे या माणसांनी किती दिलं ते विसरतात.

महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले, उपनगरं वसली, घरोघरी पाळणे हलले. चाळीस तासांचा कामाचा आठवडा रुळला होता, त्यामुळे संध्याकाळ आणि शनिवार वडिलांच्या हाती आला. लिटल लीग गावोगाव पसरली. प्रत्येक संघाला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, हवा होता आणि फुकट राबायला तयार असलेला माणूस बहुधा त्याच संघातल्या एखाद्या मुलाचा बाप असे. दुसऱ्याच्या मुलासाठी महिनोन्‌महिने संध्याकाळी उन्हात उभं राहणारे थोडेच.

मग बक्षिसं मोठी झाली. १९४७ मध्ये विल्यम्सपोर्टला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुढे ती आंतरराष्ट्रीय झाली, टीव्हीवर दिसू लागली. या स्पर्धेला लीगमधली निवडक मुलं जातात, म्हणजे ‘ऑल-स्टार’ संघ. तोपर्यंत भांडण एखाद्या सामन्यातल्या जागेचं होतं, ते आता निवडीचं झालं. त्या यादीत आपलं पोर असावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही? स्वतः स्टॉट्झ १९५० च्या दशकाच्या मध्यात या मोठ्या झालेल्या संघटनेशी भांडून, कोर्टकचेरी करून बाहेर पडला. लीगवर कंपनीवाल्यांचा ताबा येतोय, ही त्याची तक्रार होती.

लिटल लीगची नियमपुस्तिका वाचली की आपपरभावाला घातलेली कुंपणं एकेक करून दिसतात. प्रत्येक मुलाला निदान एकदा फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणात किमान सहा बळींइतका वेळ मिळालाच पाहिजे. मॅनेजरला स्वतःचं मूल आपल्याच संघात हवं असेल, तर त्याला खेळाडूंच्या वाटपाच्या, म्हणजे ‘ड्राफ्ट’च्या, ठरलेल्या नियमांतून जावं लागतं. वाटपावर देखरेख करणारा ‘प्लेअर एजंट’ असतो आणि ज्या गटाची जबाबदारी त्याच्याकडे, त्या गटात त्याने संघ चालवायचा नाही. मॅनेजरची नेमणूक कायमची नसते, दर वर्षी नव्याने होते. १९६४ साली दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांच्या सॉकरची ‘आयसो’ ही संघटना निघाली. ‘प्रत्येक जण खेळणार’ आणि ‘संघ समतोल असणार’ ही तिची पायाभूत तत्त्वं. लिटल लीगमधल्या कटकटी पाहिलेल्या पालकांना हे शब्द किती दिलासा देणारे वाटले असतील, याचा अंदाज सहज येतो.

पण हे नियम मिनिटं मोजतात, जागा मोजत नाहीत, आणि खरं दुखणं तिथेच आहे. या वयात बहुतेक मुलं उजव्या हाताने खेळतात, त्यांचे फटके डावीकडे जास्त जातात, म्हणून राइट फील्डमध्ये चेंडू क्वचितच येतो. तिथे सहा बळींपर्यंत उभं राहिलेलं मूल नियमाप्रमाणे ‘खेळलेलं’ असतं, पण चेंडूला हात न लावता घरी जातं. शॉर्टस्टॉपला उभ्या असलेल्या मुलाकडे तेवढ्याच वेळात अनेक चेंडू येतात. मुलांचा सामना सहा डावांचा, त्यात फलंदाजीच्या क्रमात वर असलेल्याला एक संधी जास्त मिळते. हंगामभर हा फरक साचतो. पुढच्या वर्षी कोचचा मुलगा खरोखरच सरस दिसतो आणि त्याची निवड रास्त ठरते! पहिल्या वर्षी झुकतं माप दिलं होतं, हे दुसऱ्या वर्षी कुणाला सिद्धही करता येत नाही. संघात चांगली जागा न मिळालेल्या मुलाला कौशल्य शिकण्याचीच संधी मिळाली नाही, यापेक्षा मोठा अन्याय मला या विषयात दिसत नाही.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता कराला कात्री लावणारा ‘प्रपोझिशन १३’ मंजूर झाला. नगरपालिकांच्या क्रीडाखर्चाला ओढ बसली आणि स्वयंसेवक पालकांवरचा भार वाढला. पुढे १९९० नंतर ‘ट्रॅव्हल टीम’चं पीक आलं: निवडक मुलांचे, गावोगाव सामने खेळत हिंडणारे, हंगामाला भरपूर पैसे घेणारे संघ. कित्येक क्लब ‘आमचे कोच कुणाचे पालक नाहीत’ ही गोष्ट जाहिरातीत सांगतात. दुसरीकडे असेही वडील आहेत की मुलाला हवी ती जागा मिळाली नाही म्हणून स्वतःच नवा संघ काढतात. पैसे मोजणाऱ्याला निःपक्ष कोच, आणि ज्याला परवडत नाही त्याच्या मुलाने गावच्या लीगमध्ये नशीब अजमावायचं, अशी वाटणी होऊन बसली.

कोचच्या मुलाचं काय, हे फार कमी वेळा विचारलं जातं. २००५ साली बारा वर्षांखालच्या सॉकरमधल्या सहा मुलांवर, त्यांच्या कोच असलेल्या वडिलांवर आणि संघातल्या सवंगड्यांवर एक लहान पण नेटका अभ्यास प्रसिद्ध झाला. वडिलांचा सहवास, जास्तीचं मार्गदर्शन याचा मुलांना आनंद होता. त्याच मुलांनी वडिलांचा दबाव, जादा अपेक्षा आणि इतरांपेक्षा जास्त टीका हेही सांगितलं. पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून बाप पोटच्या पोराला अधिक कडक वागवतो, असंही पुष्कळदा घडतं. त्या मुलाने काही मागितलेलं नसतं, तरी दोन्ही बाजूंचा मार तोच खातो.

आपल्याकडे पालक-कोच म्हटलं की हरियाणातले महावीरसिंग फोगाट आठवतात. पण कुस्तीत लेकीला बाप गुण देऊ शकत नाही, निकाल मॅटवर लागतो. सांघिक खेळात मात्र जागा वाटणारा हात कोचचा असतो. मुंबईच्या मैदानी क्रिकेटमध्ये तो हात ‘सरां’चा. आचरेकर सरांच्या शिवाजी पार्कवर मुलाला आणून सोडायचं आणि बाजूला व्हायचं, ही घरच्यांची भूमिका. सचिनला तिथे घेऊन गेले ते थोरले बंधू अजित. पुढचा निर्णय सरांचा.

हे संस्कार घेऊन न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी आईबाबांना म्हणूनच तिथली रीत बुचकळ्यात टाकते. कोचला ‘सर’ मानून गप्प राहायचं की शेजारी म्हणून बोलायचं? बरेच जण गप्प राहतात आणि हंगाम संपल्यावर मुलाला संघातून काढतात. काही जण सामना चालू असतानाच कोचवर आवाज चढवतात, त्याचा मुलगा दहा फुटांवर उभा असताना. लिटल लीगमध्ये खेळाडूंच्या बाजूने बघायला प्लेअर एजंट असतो. हंगामाच्या सुरुवातीला त्याचं नाव विचारून घ्यावं, स्थानिक लीगचे नियम मागवून वाचावेत आणि मुलाला जागा कशा फिरवून मिळणार, हे पहिल्या सरावाआधीच शांतपणे विचारावं. आणि जमत असेल तर सहायक कोच म्हणून नाव द्यावं, कारण मॅनेजर शोधताना लीगला आजही माणसांची वानवाच असते.